नाण्याला गुण देणारे : ग्रेडिंग सेवा निवडण्याआधी

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, रेडीत नाण्यांचं ग्रेडिंग कशाला? आपल्याकडे खाण आहे, बंदर आहे, द्विभुज गणपती आहे, यशवंतगड आहे. नाण्यांचा बाजार कुठे आहे? बाजार नाही हे खरं. पण नाणी आहेत. हा किनारा आदिलशाहीकडे होता, सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, पोर्तुगीज येऊन गेले, १८१९ मध्ये इंग्रजांनी गड घेतला. पलीकडे तेरेखोल ओलांडलं की गोवा. जिथे एवढी राज्यं बदलली तिथे घराघरांतल्या डब्यांत शिवराया, राणीछाप रुपये, गोव्याचे रुपिये निघणारच. आणि हल्ली मोबाइलवर कोणीतरी सांगतं, की हे ‘ग्रेड’ करून घ्या, लाखो मिळतील. म्हणून आज या ग्रेडिंग नावाच्या गोष्टीची जरा समीक्षा करू. एखाद्या पुस्तकाची करतो तशी : ती म्हणते काय, देते काय आणि गाळते काय.

आधी ती म्हणते काय ते. तुमचं नाणं एखाद्या कंपनीकडे जातं. तिथले जाणकार ते अस्सल आहे का पाहतात, त्याची अवस्था बघून १ ते ७० मधला एक आकडा देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे ‘स्लॅब’मध्ये, ठेवून परत पाठवतात. जगात दोन नावं मोठी : पीसीजीएस, काम सुरू १९८६, आणि एनजीसी, १९८७. दोन्ही अमेरिकन. ज्याला नाणं विकायचं नाही आणि विकतही घ्यायचं नाही अशा तिसऱ्याने निवाडा द्यावा, ही मूळ कल्पना. ती चांगलीच होती. त्याआधी विकणारा म्हणायचा ‘कोरं करकरीत’ आणि तोच माणूस तुमच्याकडून परत घेताना म्हणायचा ‘झिजलंय हो’.

आता तो ७० चा आकडा कुठून आला? शंभर का नाही? विल्यम शेल्डन नावाचे एक गृहस्थ अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटचे अभ्यासक होते. १९४९ साली त्यांनी ही मोजपट्टी छापली, ती १७९४ सालच्या सेंटचे भाव डोळ्यांसमोर ठेवून. अगदी झिजलेलं, जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं धरलं, तर उत्तमातलं उत्तम सत्तर डॉलरचं. म्हणजे हा आकडा जन्मला तो किमतीचा आकडा म्हणून, एका देशातल्या एका जातीच्या नाण्यासाठी. पुढे भावाचं ते गणित मोडलं, पण आकडा उरला. आणि आज त्याच आकड्याने जगभरची नाणी मोजली जातात.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. यंत्राने पाडलेल्या नाण्याला ही पट्टी बऱ्यापैकी लागू पडते. सगळी नाणी साच्यातून सारखीच निघालेली, त्यामुळे एकावर ओरखडा जास्त, दुसऱ्यावर कमी, असं म्हणता येतं. पोर्तुगीजांनी राज्याच्या शेवटच्या काळात रुपिया बंद करून एस्कुदो आणला. १९५९ चा एखादा एस्कुदो तुमच्याकडे कोरा असेल तर त्याला ६३ की ६५ हा प्रश्न अर्थपूर्ण आहे.

पण शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती हाताने ठोकलेली. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे पुरी अक्षरं क्वचितच उमटतात. कुठे ‘शिव’ अर्धाच, कुठे ‘पति’ काठाबाहेर. आता सांगा, अक्षर दिसत नाही ते झिजल्यामुळे की मुळात उमटलंच नव्हतं म्हणून? एकच आकडा या दोन्ही गोष्टी पोटात घालतो. हे अशक्य काम आहे असंही नाही. प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांसाठी एनजीसी अवस्थेबरोबर ठशाचे वेगळे आणि पृष्ठभागाचे वेगळे, पाचपैकी गुण देते. म्हणजे प्रश्न त्यांना कळलेला आहे.

दुसरा आक्षेप घरातला आहे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला रुपये बाहेर निघतात आणि पूजेआधी चिंचेने लख्ख घासले जातात. पिढ्यान्‌पिढ्या. ग्रेडिंगवाले असं नाणं बघतात आणि आकडा देतच नाहीत. ‘साफ केलेलं’ एवढा शेरा मारतात. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी असेल तर ‘कडी काढलेली’ असा शेरा. बाजाराच्या दृष्टीने तो बरोबर आहे, घासल्याने मूळ पृष्ठभाग जातो. यापुढे घासू नका, हे मीही सांगेन. पण त्या शेऱ्याने तुमच्या आजीने केलेली पूजा म्हणजे ‘नुकसान’ ठरतं, आणि एका नाण्याचं शंभर वर्षांचं घरगुती आयुष्य एका दोषात संपतं. तो शेरा वाचताना मन लहान करून घेऊ नका, एवढंच.

तिसरी गोष्ट, हा आकडा म्हणजे मत आहे. तज्ज्ञाचं, पण मतच. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर हरकत घेतली होती. आमचं ग्रेडिंग सातत्यपूर्ण आणि वस्तुनिष्ठ आहे, हा दावा अतिशयोक्त आहे असं आयोगाचं म्हणणं. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण जाहिरातीत खुलासा छापायचं मान्य केलं. संग्राहकांनाही हे ठाऊक असतं. म्हणून तर काही जण डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, या खेपेस एखादा गुण जास्त मिळेल या आशेने. पेपर पुन्हा तपासायला द्यावा तसं.

मग ग्रेडिंग नकोच का? तसं मी म्हणत नाही. १९३९ चा रुपया घ्या. सहाव्या जॉर्जचा, चांदीचा आणि दुर्मीळ. त्याची किंमत मोठी, म्हणून दुसऱ्या सालच्या रुपयावर आकडा बदलून केलेले खोटेही फिरतात. शिवरायांच्या सोन्याच्या होनाचं तर विचारूच नका, खोटे उदंड. इथे त्रयस्थाचा निवाडा लागतोच. पण नीट बघा, आपल्याला हवं आहे ते ‘खरं की खोटं’ याचं उत्तर. ६२ की ६४, हा प्रश्न नंतरचा.

तेव्हा सेवा निवडताना काय विचारायचं? मी चार प्रश्न सांगतो.

पहिला : नाणं देशाबाहेर जाणार का? हे कोणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे शिवराई पाकिटात घालून अमेरिकेला पाठवणं हा गुन्हा. मधल्या माणसाने ‘आम्ही करतो हो सगळं’ म्हटलं, तर कुठे आणि कसं करता, हे लेखी विचारा.

दुसरा : हमी कशाची? अस्सलपणाची, आकड्याची, की दोन्हींची? आणि चूक निघाली तर भरपाई कोण देतो? हमीपत्रात काय वगळलं आहे, ते आधी वाचा.

तिसरा : क्रमांक जुळतो का? खोट्या नाण्यांसारख्या आता खोट्या डब्याही निघाल्या आहेत, खऱ्या क्रमांकाच्या नकला मारून. तयार डबी विकत घेताना कंपनीच्या नोंदीत क्रमांक शोधा आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा.

चौथा : खर्च परवडतो का? साधी दुदांडी शिवराई काही शे रुपयांत मिळते. तिच्यावर त्याहून जास्त शुल्क भरायचं, याला आपल्याकडे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात.

आणि कोणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यासाठी कमिशन किंवा कर मागितला, तर फोन ठेवा. बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं आहे.

शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. डबीवर लिहिलेलं असतं राज्य, साल, किंमत, आकडा. नाणं कुठे सापडलं, ते नसतं. इतिहासाला नेमकं तेच हवं असतं. चालुक्यांच्या लेखांतलं रेवतीद्वीप म्हणजे ही आपली रेडी, असं अभ्यासक मानतात. उद्या गडाच्या पायथ्याशी नांगराला एखादं नाणं लागलं, तर ते कोणत्या वाफ्यात, किती खोल, कशाबरोबर मिळालं, यावरून या बंदराचा व्यापार कळेल; त्याला ५० गुण की ५५, यावरून कळणार नाही. असं जमिनीतलं धन दहा रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे तो. आणि घरातलं जुनं नाणं समजून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मराठ्यांच्या टांकसाळींवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ आहे. तिथे आकडा मिळणार नाही, माहिती मिळेल.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. डबा उघडा, नाणी घासू नका. प्रत्येक नाण्यासाठी एक कागद घ्या आणि लिहा : कोणाकडून आलं, कधी, कुठे मिळालं. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. ही नोंद कुठलीच कंपनी कितीही पैसे घेऊन तुम्हाला करून देणार नाही.

आता प्रश्न घेऊ.