वेठ, बावटा आणि आपण : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा वाचताना

प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या अभ्यासमंडळात एका मुलाने सरळ प्रश्न टाकला : “फादर, कम्युनिस्ट तर देव मानत नाहीत. मग गरीब माणसं त्यांच्यामागे का जातात?” सेमिनरीत घोटलेले उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. मार्क्सचा भौतिकवाद, वर्गविग्रह, १९३७ साली पोप अकरावे पायस यांनी निरीश्वरवादी साम्यवादाविरुद्ध काढलेले परिपत्रक, हे सारे क्रमवार सांगता आले असते. परंतु कम्युनिस्ट काय मानतात, हे त्या मुलाने विचारलेच नव्हते. गरीब माणूस त्यांच्यामागे का जातो, हे त्याने विचारले होते. ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या जुन्या वह्यांत नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही कपाटातून एक पुस्तक काढले. ते गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ होय.

हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. लेखिका (१९०७–१९९६) पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या, माहेरच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात त्यांनी प्रथम काम केले. पुढे पती शामराव परुळेकर यांच्यासह त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या आणि किसान सभेचे काम करू लागल्या. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव व आसपासच्या भागातील वारली आदिवासींनी १९४५ ते १९४७ या काळात जो लढा दिला, त्याची ही हकिकत आहे. हा मुलूख आज मुख्यत्वे पालघर जिल्ह्यात येतो. आमच्या वसईच्या ख्रिस्ती गावांना मुंबईशी जोडणारा जो लोहमार्ग, तोच पुढे डहाणूला जातो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. शेवटी तिची गरज लागणार आहे.

त्या मुलुखात काय चालले होते? जमीन बहुतांशी सावकार-जमीनदारांच्या हाती गेली होती. ज्यांनी जंगल तोडून ती लागवडीस आणली, ते वारली तिच्यावर कुळे म्हणून राबत होते. मालकाच्या शेतावर आणि घरी फुकट राबणे म्हणजे वेठ. ती जमीनदाराची होती, जंगलखात्याची होती, पोलिसाचीही होती. याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी थोडे कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने मालकाकडे राबत राहायचे. हिशेब मालकाचा, वही मालकाची, त्यामुळे कर्ज फिटण्याचा दिवस सहसा उगवतच नसे. ज्या संस्काराने एक नवे कुटुंब उभे राहायचे, त्याच संस्काराने त्या कुटुंबाच्या गळ्यात दावे पडत होते. विवाह हे पवित्र संस्कारांपैकी एक मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

ही स्थिती कुणास ठाऊक नव्हती असेही नाही. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांचा आदिवासींच्या स्थितीविषयीचा अहवाल १९३९ साली सादर झाला होता आणि त्यात या गुलामगिरीची नोंद होती. बाळासाहेब खेर, आचार्य भिसे यांच्यासारखी सज्जन माणसे त्या भागात सेवाकार्य करीत होती. म्हणजे माहिती होती आणि करुणाही होती. तरीही वेठ चालूच होती.

या मुलुखात लाल बावटा आला तो १९४५ च्या आरंभी. टिटवाळा येथे भरलेल्या किसान परिषदेस काही वारली आले आणि त्यानंतर परुळेकर दांपत्य त्यांच्या पाड्यांवर पोहोचले. लेखिका पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, मिळेल ते खाल्ले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची सभा झाली. ‘यापुढे वेठ करायची नाही’ एवढाच तिचा मुख्य ठराव. पुढील काही आठवड्यांत त्या भागातील वेठ बंद पडली आणि लग्नगडी मोकळे झाले. शस्त्र उचलले गेले नाही. माणसांनी एकत्र येऊन ‘नाही’ म्हटले आणि पिढ्यांची व्यवस्था कोसळली.

पुस्तकाचे सारे मर्म या भागात आहे असे आम्ही मानतो. लेखिका मार्क्सवादी आहेत, हे त्या कोठेही लपवीत नाहीत. पण झरीच्या सभेत मार्क्स फारसा दिसत नाही. तेथे भीती दिसते आणि ती हळूहळू उतरताना दिसते. मालक समोर आला की खाली जाणारी मान प्रथमच ताठ राहते. पुस्तकाचे नाव ‘जेव्हा क्रांती होते’ असे नाही, हे मार्मिक आहे. लेखिकेने ‘माणूस’ हा शब्द निवडला, आणि तो निवडताना त्या स्वतःच्या सिद्धांतापेक्षा मोठ्या झाल्या. भाषा साधी आहे, अलंकारांचा सोस नाही. कार्यकर्तीने दिवसभराची चाल संपवून कंदिलाच्या उजेडात सांगावे, तशी ती चालते. चळवळीवर लिहिलेली अनेक पुस्तके घोषणांनी भरलेली असतात. हे माणसांनी भरलेले आहे. म्हणूनच पन्नासहून अधिक वर्षांनीही ते वाचवते.

वेठ गेल्यावर प्रश्न आला मजुरीचा. गवतकापणीसाठी पाचशे पौंडांमागे अडीच रुपये द्यावेत, अशी मागणी घेऊन १९४५ च्या हंगामात संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जे घडले ते पुस्तकातील सर्वांत विदारक प्रकरण आहे. लेखिकेने दिलेली हकिकत अशी : ‘बाईंच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या’ अशी अफवा जमीनदारांच्या माणसांनी वारल्यांत पसरवली, आणि वारली दंगा करण्यास जमले आहेत असे पोलिसांस कळवले. हजारो लोक आपल्या बाईला वाचवण्यासाठी जमले, आणि बाई तेथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती ठार झाले. तो १० ऑक्टोबरचा दिवस आजही त्या भागात हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

येथे आम्हांला रशियातील एक प्रसंग आठवतो, आणि एका धर्मगुरूशी संबंधित म्हणून तो अधिक सलतो. जानेवारी १९०५ मध्ये पीटर्सबर्ग येथे फादर गापोन ह्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली हजारो कामगार पवित्र चित्रे व झारच्या तसबिरी घेऊन, प्रार्थनागीते गात, राजवाड्याकडे निघाले. हाती अर्ज होता : मजुरी द्या, कामाचे तास कमी करा. सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे १९१७ साली झारशाही कोसळली आणि त्याच वर्षी बोल्शेविकांनी सत्ता घेतली. लेनिनची पुस्तके त्या १९०५ च्या जमावातील किती जणांनी वाचली असतील? परंतु गोळीबारानंतर त्यांना अर्ज लिहिण्यास कोण सांगू शकणार होते? आमच्या मते राज्यक्रांतीचा उगम येथे आहे. दारिद्र्य हे तिचे एकटे कारण नव्हे. दारिद्र्य युगानुयुगे मुकाट असते. विचारसरणी हेही एकटे कारण नव्हे; पुस्तके कपाटात शांत पडून असतात. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाला जेव्हा दार बंद मिळते, तेव्हा त्या बंद दारासमोर दारिद्र्य आणि विचारसरणी यांची गाठ पडते.

उलट बाजूचे उदाहरण शोधायला आम्हांला कोल्हापूरबाहेर जावे लागत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द करून जमिनी त्या त्या कुटुंबांच्या नावे केल्या. वतनाच्या तुकड्यापायी अख्ख्या घराने पडेल ते काम करायचे, ही रीत त्यांनी राजाज्ञेने मोडली. जे येथे १९१८ मध्ये झाले, त्यासाठी ठाण्याच्या वारल्यांना १९४५ पर्यंत थांबावे लागले आणि त्यासाठी त्यांना बावटा लागला. शाहू महाराजांच्या पश्चात कोल्हापुरातही असंतोष झाला; १९३९ साली माधवराव बागल यांच्या पुढाकाराने प्रजा परिषद उभी राहिली. न्यायाचे काम एका राजाने केले म्हणून कायमचे संपत नाही. याच नगरीत १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांची अनेक मते आम्हांस मान्य नव्हती. पण बोलणाऱ्याला गोळीने उत्तर देणारा समाज तलवाड्याहून फार पुढे आला असे म्हणवत नाही.

आता पुस्तकाच्या उणिवांविषयी. लेखिकेच्या जगात जमीनदार आणि बावटा यांच्या मधली माणसे फिकट होतात. सेवाभावी कार्यकर्ते, कचरणारे शेतकरी, भल्या मनाचा एखादा अधिकारी यांच्या अंतरंगात शिरण्याची उत्सुकता येथे कमी आहे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पक्षावरचा लेखिकेचा विश्वास इतका अढळ आहे की, बावट्याची सत्ता जेथे आली तेथे मजुराच्या गाऱ्हाण्याचे काय झाले, हा प्रश्न त्यांना पडत नाही. १९४८ साली कलकत्ता अधिवेशनात पक्षाने देशभर उठावाचे धोरण स्वीकारले आणि दोन-तीन वर्षांत ते सोडावे लागले. क्रांती ठरावाने येत नाही, हे त्यातून दिसले. झरीच्या वारल्यांनी कुणाच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती. आणि १९८० साली पोलंडमधील ग्दान्स्कच्या जहाजगोदीत कामगार उठले, ते ‘कामगारांच्या राज्या’विरुद्धच. त्या गोदीच्या फाटकावर पवित्र मरियेचे चित्र आणि पोप दुसरे जॉन पॉल यांची तसबीर होती. गाऱ्हाणे न ऐकणारी सत्ता भांडवलदाराची असो वा पक्षाची, तिचे भवितव्य एकच. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात हाच इशारा दिला होता : उठावातून बहुधा नवे अन्याय जन्मतात, पण अन्याय तसाच ठेवून उठावाला दोष देणे हेही चालणार नाही.

पुस्तकाचा हिशेब करून आम्ही मोकळे झालो असतो, पण मग आमचा हिशेब कोण करणार? मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा १८४८ सालचा. मजुराच्या न्याय्य वेतनावर पोप तेरावे लिओ यांचे परिपत्रक आले १८९१ साली, मध्ये ४३ वर्षे गेली. वास्तविक आम्हांला मार्क्सची गरजच नव्हती. निर्गमाच्या पुस्तकात बिगारीत पिचलेल्या लोकांचा आक्रोश ऐकून देव खाली उतरतो. संत याकोब आपल्या पत्रात, शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडत असून ती ओरड परमेश्वराच्या कानी पोहोचली आहे, असे बजावतो. शेत कापणाऱ्यांची मजुरी! तलवाड्याचे मजूर गवतच कापत होते. ते पत्र आमच्या उपासनेत शतकानुशतके वाचले गेले. त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला ती ओरड उठत होती, आणि ती आधी ऐकली ती देव न मानणाऱ्या एका बाईने. या वाक्यात आम्हांला लेखिकेची स्तुती करायची नाही. आम्हांला आमच्या कानांविषयी बोलायचे आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव धारण करताना त्या १८९१ च्या परिपत्रकाची आठवण काढली, ती बहुधा यासाठीच.

वारल्यांच्या लढ्याचे पुढे काय झाले? तो रक्तरंजित क्रांतीत गेला नाही. १९४८ मध्ये कूळकायदा आला, निवडणुका आल्या. १९५७ साली शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले. गाऱ्हाण्याला मतपेटीचे दार मिळाले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, १९८० नंतर काहींनी बंदूक उचलली आणि तिथला आदिवासी दोन बंदुकांमध्ये सापडला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी व आदिवासी लाल झेंडे घेऊन चालत आले. मुंबईतील मुलांच्या परीक्षेत व्यत्यय नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री चालून संपवली. फोड आलेल्या पायांनी जे इतरांच्या मुलांचा विचार करतात, त्यांच्याविषयी भय बाळगण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. त्यांचा अर्ज पुन्हा पडून राहिला, तर मात्र भय बाळगावे.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्या मुलाला हे पुस्तक वाचायला दिले आणि सांगितले, “बाळा, ज्याने आधी ऐकलं त्याच्यामागे ती गेली.” त्याने पुस्तक हाती घेतले आणि विचारले, “फादर, आपल्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना सुट्टीच्या दिवसाचा पगार कापतात. ते पण यातच येतं का?”

आम्ही म्हणालो, “तिथूनच सुरू होतं.”