पेशीमुक्त डीएनए आणि परजीवीजन्य रोगांचे निदान : एक समीक्षा

नष्ट होणाऱ्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे शरीरद्रवांत आढळतात. मानवी रक्तद्रवातील अशा पेशीमुक्त न्यूक्लिक आम्लांची नोंद मांदेल व मेते यांनी १९४८ मध्ये केली. परजीवींचा डीएनएही रक्त, मूत्र व लाळेत उतरतो, या तत्त्वावर एक नवी निदानपद्धती उभी राहिली आहे. तिचे मूल्यमापन मात्र बहुधा संवेदनशीलतेच्या निकषावरच होते. सापडलेल्या डीएनएचा अर्थ कोणता, हा मूलभूत प्रश्न दुर्लक्षित राहतो.

शिस्टोसोमियासिसच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. या रोगाचे प्रौढ कृमी रक्तवाहिन्यांत राहतात. त्यामुळे रूढ निदान मल वा मूत्रातील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर अवलंबून असते. संसर्गाच्या आरंभी अंडी नसतात आणि सौम्य संसर्गात ती सहज निसटतात. प्रतिपिंडांची चाचणी रोग बरा झाल्यावरही दीर्घकाळ होकारार्थी राहू शकते. या पार्श्वभूमीवर विखमान व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रुग्णांच्या रक्तद्रवातील परजीवी डीएनए पीसीआर तंत्राने शोधला. शिस्टोसोमा मॅन्सोनीच्या जनुकसंचात १२१ बेसजोड्यांचा एक क्रम असंख्य वेळा पुनरावृत्त झालेला असल्याने त्याचे अत्यल्प अंशही ओळखता येतात. तीव्र अवस्थेतील निदानाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे.

तथापि उपचारानंतरही हा डीएनए अनेक महिने आढळू शकतो. ऊतींत अडकलेली अंडी सावकाश नष्ट होतात, हे त्याचे संभाव्य कारण होय. म्हणजेच प्रतिपिंडांच्या चाचणीतील उणीव येथे वेगळ्या रूपाने पुन्हा उपस्थित होते. याउलट जिवंत कृमींनी स्रवलेली प्रतिजने उपचारानंतर तुलनेने लवकर घटतात.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५२ मध्ये मूत्रमार्गीय शिस्टोसोमियासिसचे केंद्र नोंदले गेले. अशा मर्यादित केंद्रात एखादा होकारार्थी निष्कर्ष चालू संसर्ग दर्शवतो की जुन्या संसर्गाचे अवशेष, यावर पुन्हा औषधोपचार करावा की नाही, हे ठरते. शिवाय पीसीआरसाठी लागणारी उपकरणे व प्रशिक्षित मनुष्यबळ ग्रामीण आरोग्य केंद्रांत क्वचितच उपलब्ध असते.

सारांश, पेशीमुक्त डीएनए हा परजीवीच्या अस्तित्वाचा पुरावा आहे. त्याच्या जिवंतपणाचा नव्हे. प्रारंभिक निदानासाठी ही पद्धती स्वागतार्ह आहे. रोगमुक्ती ठरवताना मात्र तिला प्रतिजन-चाचणीची व ठराविक अंतराने केलेल्या डीएनए-मापनाची जोड देणे आवश्यक ठरते.