घर नसलेलीची हमी कोण घेणार?

मंडळी, आज एक जुनं पुस्तक आणि एक कायदा शेजारी ठेवून वाचायचाय. पुस्तक आपल्या विदर्भातलं: बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२ सालचं. कायदा १९५८ चा, अपराधी परिवीक्षा अधिनियम. परिवीक्षा म्हणजे आपण बोलताना ज्याला प्रोबेशन म्हणतो ते. गुन्हा सिद्ध झाला तरी तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षं, समाजातच राहू द्यायचं.

पुस्तकामागे एक खटला आहे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःचं अर्भक मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात जन्मठेप झाली, पुढे ती पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रं मात्र समस्त स्त्रीजातीवर तुटून पडली. ताराबाईंनी उलट विचारलं: जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत काय? आणि पुनर्विवाहाची वाट बंद कोणी केली?

प्रश्न बिनतोड आहे. पण तक्रारही नोंदवतो. ज्या विजयालक्ष्मीमुळे पुस्तक जन्मलं, ती त्यात फार थोडी आहे. शिक्षा भोगून ती कुठे जाणार, हे ताराबाई विचारत नाहीत. तुलना जिंकते, बाई मागे राहते.

आता कायदा बघा. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना कलम ४ लागू नाही, म्हणजे विजयालक्ष्मीला ते आजही मिळालं नसतं. पण किरकोळ चोरी किंवा अर्भकाचा जन्म लपवणं अशा गुन्ह्यांत त्याचा विचार होऊ शकतो. अट अशी, की आरोपीला किंवा तिच्या जामीनदाराला राहायचं कायम ठिकाण वा नियमित काम असलं पाहिजे. अट गैर नाही. न्यायालयाला माणूस सापडायला हवा. पण सासरनं दार लावलं, माहेरनं ओळख नाकारली, तर ते ठिकाण ती आणणार कुठून? परिवीक्षा अधिकाऱ्यानं घरच्या परिस्थितीची चौकशी करायची असते. कित्येकदा ती परिस्थिती हेच दुखणं असतं!

म्हणून या विषयावरच्या संशोधनाकडे माझं एक मागणं आहे. सुटलेल्या बाईनं पुन्हा गुन्हा केला का, एवढंच मोजून भागत नाही. मुळात जिला ही सवलत मिळालीच नाही, ती कोणत्या दारावरून परतली, तेही लिहा. आणि ‘चांगली वर्तणूक’ म्हणजे काय, हे कोणाच्या तोंडून ऐकून ठरवलं, तेही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘चांगलं’ हा शब्द दिसला की आधी विचारायचं: कोणासाठी?

ताराबाईंचे वडील सत्यशोधक होते. त्या सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुले. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. विधवेनं तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, वाटल्यास मूल ठेवून जावं. तिथे जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. गुन्हा घडायच्या आधीच त्यांनी दार उघडून ठेवलं होतं.

समाजाधारित न्याय म्हणतात तो मला तरी हाच वाटतो. कायदा बाईला विचारतो, तुझं ठिकाण कुठे? ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. आणि फुले म्हणतात, ये, हे घर आहे. संशोधकानं हे तिन्ही ऐकावं. पण मोजायला बसला, की आधी अशी घरं मोजावीत.