‘स्थैर्य’ या संज्ञेविषयी

मालेगावात टाकाऊ प्लॅस्टिकपासून शेतीचे पाइप तयार करण्याचा मोठा धंदा आहे. विहिरीवरचा पंप सुरू होताच असा पाइप वळणापाशी हिसका देतो, थरथरतो आणि पुन्हा जागेवर बसतो. थरथरत असताना तो स्थिर होता काय? यंत्रशास्त्राचे उत्तर ‘होय’ असे आहे; मराठीचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच येईल.

ही अडचण केवळ भाषांतराची नव्हे. रशियन गणिती ल्यापुनोव्ह याने १८९२ साली आपल्या प्रबंधाचा विषय घेतला तो ‘गतीचे स्थैर्य’. त्याने योजलेला रशियन शब्द, लॅटिन ‘स्टाबिलिस’ आणि आपला ‘स्थिर’ हे तिन्ही ‘उभे राहणे’ या अर्थाच्या एकाच मूळ धातूचे वंशज होत. परंतु मराठीत ‘स्थिर’ हा शब्द ‘न हलणारा’ या अर्थाकडे झुकला. त्यामुळे ‘गतीचे स्थैर्य’ आपल्या कानाला वदतोव्याघात वाटते.

संमिश्र द्रव्याच्या वक्र नळीत आतील दाब कमीजास्त होऊ लागला म्हणजे या गोंधळाची किंमत कळते. दाबाबरोबर नळीचा वाकण्यास होणारा विरोधही बदलत राहतो. दाबाची वारंवारता नळीच्या स्वाभाविक वारंवारतेच्या सुमारे दुप्पट झाली आणि कंपाची ऊर्जा शोषून घेण्याची शक्ती अपुरी पडली, तर बारीकसा कंपही वाढत जातो. नागपंचमीच्या झोक्यावर उभे राहून झोका चढविणारी मुलगी एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा उठते-बसते, तत्त्व तेच. येथे धोक्याची नळी कोणती? हलणारी नव्हे, तर जिचे हलणे वाढत जाते ती. ‘स्थिर म्हणजे न हलणारी’ असे मनाशी धरून बसलेला विद्यार्थी नेमका हाच भेद गमावतो.

‘संमिश्र’ या विशेषणाचीही तीच कथा. ते मिसळ सुचविते. पण अशा नळीत तंतू आपली दिशा राखून असतात, हे मागवाल्यांच्या गावात वेगळे सांगावयास नको. दोन्ही टोके बंद असलेल्या सरळ नळीत, सर्व भार तंतूच वाहतात असे मानल्यास, अक्षाशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन योग्य ठरतो. वळणावर आतल्या व बाहेरच्या बाजूंचे ताण भिन्न असल्याने तो हिशेब बिघडतो. शिवाय स्थैर्याचे गणित मांडताना ‘संमिश्र संख्या’ येतातच. एकाच पानावर एक शब्द दोन अर्थांनी वावरतो, आणि त्याबद्दल कोणास खेद वाटल्याचे दिसत नाही!

नवा शब्द घडवावा असे आम्ही म्हणत नाही. न हलणाऱ्यास ‘निश्चल’ म्हणावे आणि ‘स्थैर्य’ची व्याख्या ‘सावरणे’ या क्रियापदाने करावी. दोरावरचा डोंबारी क्षणभरही निश्चल नसतो, पण सावरतो. ‘सावरणे’त मूळ जागी परतण्याची जी छटा आहे ती ल्यापुनोव्हच्या मूळ व्याख्येहून अधिक मागते, हा आक्षेप मान्य आहे, त्या व्याख्येला ढळूनही फार न ढळणे पुरते. तेवढी दुरुस्ती व्याख्येत जोडावी लागेल.