होकार कोणाचा? ‘कासव’ आणि मानसिक आरोग्याचा कायदा

७ एप्रिल २०१७ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. मानसिक आरोग्यसेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले. प्रश्न दोन्हींचा एकच: मन खचलेल्या माणसाचे निर्णय कोणी घ्यायचे?

कायद्याचे चौथे कलम उदार आहे. उपचारांची माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम उमगणे किंवा निर्णय कळवता येणे, यांपैकी एक जमले तरी रुग्ण सक्षम. इतरांना त्याचा निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला असमर्थ ठरवता येत नाही. अमेरिकेत ॲपलबाम व ग्रिसो यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चार कसोट्यांत मात्र पर्याय तोलून पाहता येणे हीही एक होती. आपल्या कलमात ती नाही, आणि नैराश्याचा घाव नेमका तिथेच बसतो. माहिती सगळी कळते. पण कुठल्याच पर्यायाला वजन उरत नाही.

हे मी मलकापुरात, आमच्याच घरात पाहिले. दवाखान्यात माझा चुलतभाऊ प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तर देत होता. गोळ्या सुरू करायच्या का, असे विचारल्यावर म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं.” आम्हाला हायसे वाटले. नकार दिला असता, तर आम्ही तो आजाराच्या नावावर टाकला असता. होकार मात्र शहाणपणाचा ठरला. दोन्ही उत्तरे तेव्हा आपल्याला सारखीच होती, हे त्याने बरा झाल्यावर सांगितले.

‘कासव’मधली जानकी (इरावती हर्षे) स्वतः या आजारातून गेलेली. आत्महत्येचा प्रयत्न करून इस्पितळातून निघून गेलेल्या तरुणाला (आलोक राजवाडे) ती प्रश्नांची सरबत्ती न करता घरी ठेवून घेते. अंडी जपायची, पण समुद्राकडे पिलाने आपले आपण जायचे, ही कासव-संवर्धनाची रीत चित्रपट माणसालाही लावतो. मला ती पटते. माझा आक्षेप एवढाच, की जानकीकडे मोठे घर, गाडी आणि सवड आहे. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांनी ती कुठून आणायची?

अशा घरांना कायद्याचेच पाचवे कलम कामी येईल. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे माणसाला आगाऊ लिहून ठेवता येते. भाऊ सध्या ते लिहितो आहे. मसुद्याची पहिली ओळ त्याने मला वाचून दाखवली: “पुन्हा तसं झालं, तर माझ्या नुसत्या होकारावर जाऊ नका.”