खो देता येत नसेल तर खेळ तोच राहतो का?

विषय वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या आल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कुठून आला? पण ‘ही वस्तू तीच आहे’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न आपल्या नैयायिकांचाच आहे. तो तपासायला आज एक खेळ घेऊ.

कॅपकॉम ही जपानी कंपनी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गेम पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक नसेलही, पण तिच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’मधला मुस्तफा नक्की ठाऊक होता. याच कंपनीने १९९६ मध्ये पार्लरच्या मशीनसाठी ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ काढला. अमेरिकन कॉमिक्समधला वुल्व्हरिन आणि जपानी खेळातला र्‍यू एकाच आखाड्यात! पण खरं नवल होतं ते जोडीचं. प्रत्येकाने दोन लढवय्ये निवडायचे. एक लढतो, दुसरा पडद्याबाहेर थांबतो. लढत चालू असतानाच अदलाबदल करायची. बाहेर थांबलेल्याची गेलेली ताकद थोडी थोडी भरून येते.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, खो. खो-खोत आठ जण बसलेले असतात आणि एक धावतो. पण बसलेला गडी रिकामा नसतो. त्याच्या बसण्यावरच धावणाऱ्याचा डाव उभा असतो.

आता लक्षण. लक्षण म्हणजे असाधारण धर्म. गाईला शिंगं असतात हे खरं, पण ती म्हशीलाही असतात. शिंगं हे लक्षण मानलं तर अतिव्याप्ती होते. म्हणून गळ्याखाली लोंबणारी सास्ना हे गाईचं लक्षण. तसं या खेळात पात्रं, ठोसे, रंगीत चित्रं ही सगळी शिंगं. सास्ना म्हणजे खो.

हा खेळ मशीनवरून घरच्या कन्सोलवर आणताना काय झालं, ते बघा. प्रत्येक लढवय्याच्या प्रत्येक हालचालीची चित्रं हाताने काढलेली. अदलाबदल पापणी लवायच्या आत व्हायची, तर चौघांचीही चित्रं एकाच वेळी मेमरीत हवीत. डिस्कवरून आणत बसलो तर लढत थांबेल. सेगाच्या सॅटर्नसाठी १९९७ मध्ये खेळ आला तो ४ मेगाबाइटचं जादा मेमरीचं कार्ट्रिज घेऊन. खो शाबूत राहिला, पण ही आवृत्ती निघाली फक्त जपानात. सोनीच्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट, चित्रांसाठी वेगळी १. तिथे १९९८ मध्ये आलेल्या आवृत्तीत जोडीदार मदतीचा एखादा फटका मारायला धावत येतो आणि निघून जातो. पुरती अदलाबदल हवी, तर दोन्ही बाजूंना तीच दोन पात्रं घ्यायची! कारण उघड आहे. बसणाऱ्या गड्यांना जागाच नव्हती.

कोणी म्हणेल, सर, मेमरी नव्हती त्याला कंपनी काय करणार? बरोबर आहे. अडचणीबद्दल आमची तक्रार नाही, नावाबद्दल आहे. जपानात निदान ‘ईएक्स एडिशन’ अशी पुस्ती जोडली होती. अमेरिकेत खोक्यावर मूळचंच नाव. ज्या मुलाने पार्लर पाहिलंच नाही, त्याच्या लेखी हाच तो खेळ. आपल्याला काय मिळालं नाही, हेसुद्धा त्याला कळायचा मार्ग नव्हता. आमच्या मते खरं नुकसान ते आहे.

मूळ खेळही निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. बचाव करताना शक्तीचा एक टप्पा खर्चून जोडीदाराला आत घेता येतं. पण एकदा फटका बसला की खो देता येत नाही. आणि न संपणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या यात आहेत. त्यात सापडलात की ताजातवाना जोडीदार बाहेर नुसता उभा! म्हणजे खो हेच ज्या खेळाचं लक्षण, तो स्वतःच ऐन गरजेला खो नाकारतो.

१९९९ मध्ये ड्रीमकास्टवर ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ आला तेव्हा खो जपानबाहेरच्या घरांतही पोचला. पुढच्या वेळी कुठल्याही कृतीची नवी आवृत्ती हातात घ्याल, कादंबरीचं नाटक असो की नाटकाचा सिनेमा, तेव्हा किती गाळलं हे मोजू नका. शिंगं गेली की सास्ना, एवढंच बघा. इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.