‘धर्मात्मा’ आणि बालगंधर्व : लोकप्रिय गायकाची प्रतिमा आणि चित्रपटाचा पडदा

प्रस्तावना

लोकप्रिय गायकाने चित्रपटात अभिनय करणे ही आज नेहमीची बाब झाली आहे. मराठीत या वाटचालीचा आरंभ बोलपटाच्या पहिल्या दशकातच झाला. गोविंदराव टेंबे हे संगीतकार व हार्मोनियमवादक ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेत दिसले. मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) या चित्रपटाच्या रूपाने हेच धाडस केले आणि तिला त्याची आर्थिक किंमत मोजावी लागली. या मालिकेतील सर्वांत मोठे नाव नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे होय. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात त्यांनी पैठणच्या संत एकनाथांची भूमिका केली. व्ही. शांतारामांचे दिग्दर्शन, प्रभातची यंत्रसामग्री, मास्टर कृष्णरावांचे संगीत आणि महाराष्ट्राचा सर्वाधिक लाडका आवाज एकत्र येऊनही चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही.

या अपयशाची दोन कारणे सामान्यतः दिली जातात : बालगंधर्वांचे वय झाले होते आणि त्यांना पुरुषभूमिका शोभली नाही. दोन्ही कारणांत तथ्य आहे. परंतु दोन्ही दोष व्यक्तीच्या अंगी लावून थांबतात. गायकाची लोकप्रतिमा कशावर उभी असते आणि माध्यम बदलल्यावर तिच्यातील काय मागे राहते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात ‘धर्मात्मा’च्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

रंगभूमीवरील प्रतिमेची घडण

बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या भूमिकांनी त्यांची प्रतिमा घडविली. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाल्यावर या प्रतिमेला स्वतःचे घर मिळाले. भरजरी शालू, दागदागिने, अत्तरांचा दरवळ, अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असा हा थाट होता. त्यांच्या वेशभूषेचे व केशरचनेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत, हे त्या काळाविषयीच्या लेखनात वारंवार नोंदविले गेले आहे.

तथापि ही प्रतिमा केवळ थाटावर उभी नव्हती. तसे असते तर सिंधूच्या दरिद्री वेषात ती कोसळली असती. प्रत्यक्षात सिंधू ही त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरली. या प्रतिमेचा खरा आधार प्रेक्षक आणि नट यांच्यातील एक मूक करार होता. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकांस ठाऊक असे. तरीही स्त्रीत्वाचा आभास ते आनंदाने स्वीकारीत. नाटकाचे कथानक ‘वन्स मोअर’साठी थांबे; रुक्मिणी क्षणभर गायक होई आणि पुन्हा रुक्मिणी होई. पद किती वेळ चालावे, कोणती जागा पुन्हा घ्यावी, हे गायक आणि सभागृह मिळून ठरवीत. पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगात हा व्यवहार अनेकदा घडे. प्रतिमा अशा रीतीने प्रत्येक रात्री नव्याने, प्रेक्षकांच्या सहभागाने निर्माण होत असे.

चित्रपटाकडे वळण्यामागील परिस्थिती

१९३० नंतर या कराराची भूमी खचू लागली. बोलपटाने संगीत नाटकाचा प्रेक्षक स्वस्त दरात आपल्याकडे वळविला. ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. स्त्री स्वतः रंगमंचावर व पडद्यावर आल्यानंतर पुरुषाने केलेल्या स्त्रीभूमिकेचा आभास हा एकमेव पर्याय उरला नाही. गंधर्व नाटक मंडळीचा डोलारा खर्चिक होता आणि कर्जाचे ओझे तिने दीर्घकाळ वाहिले होते. अशा स्थितीत प्रभातशी झालेला करार हा हौसेचा भाग नव्हता; तो एका कलावंताचा व त्याच्या संस्थेचा उदरनिर्वाहाचा प्रश्न होता. प्रभातबरोबर एकाहून अधिक चित्रपट करण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात ‘धर्मात्मा’ हा एकच चित्रपट निघाला.

प्रभातच्या दृष्टीनेही हा सौदा आकर्षक होता. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली होती आणि ‘अमृतमंथन’ (१९३४) च्या यशाने तिचा आत्मविश्वास वाढला होता. घरोघरी ग्रामोफोनच्या तबकड्यांतून पोहोचलेले बालगंधर्वांचे नाव तिला आयते मिळणार होते.

एकनाथांची भूमिका : निवड आणि विसंगती

‘धर्मात्मा’चा विषय धाडसी होता. अस्पृश्यांस आधी जेवू घालणारे आणि त्यांच्या घरी भोजन करणारे एकनाथ, त्यांच्यावर कोपलेला सनातनी वर्ग, घरातच विरोधात उभा राहिलेला पुत्र हरिपंडित आणि काशीच्या धर्मपीठापर्यंत गेलेला वाद असा कथेचा भर आहे. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. त्यातून गांधीजींचा निर्देश होतो म्हणून सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि ते बदलावे लागले. १९३२ चा पुणे करार, त्यानंतरचा गांधीजींचा हरिजन दौरा, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ च्या ऑक्टोबरमधील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची येवल्याची घोषणा ही या चित्रपटाची समकालीन पार्श्वभूमी आहे. येवल्याच्या घोषणेनंतर उच्चवर्णीय संताच्या करुणेची कथा अनेकांना अपुरी वाटणे स्वाभाविक होते. तरीही व्यावसायिक चित्रपटसंस्थेने हा प्रश्न पडद्यावर आणणे हे त्या काळी लहान पाऊल नव्हते.

या विषयासाठी बालगंधर्वांची निवड करताना मात्र एक विसंगती निर्माण झाली. चित्रपटाला त्यांचे नाव व आवाज हवा होता. परंतु ज्या प्रतिमेमुळे ते नाव मोठे झाले, ती बाजूला ठेवल्याशिवाय एकनाथ उभे राहणे शक्य नव्हते. शालूच्या जागी धोतर आले आणि लाजेच्या, रुसव्याच्या, प्रणयाच्या भावछटांच्या जागी शांत गृहस्थाश्रमी संताचा संयम आला. प्रेक्षक बालगंधर्वांना पाहण्यासाठी आले आणि त्यांना त्यांच्या ओळखीचे बालगंधर्व दिसले नाहीत. नव्या प्रतिमेला रुजण्यासाठी लागणारा अवधीही एका चित्रपटात मिळणे शक्य नव्हते.

येथे एकनाथांच्या वाङ्मयाकडे पाहणे उद्बोधक ठरते. भारुड हे मुळात गायन आणि सोंग यांचे एकत्र रूप आहे. भारुडांत व गौळणींत एकनाथ स्वतः अनेक आवाज धारण करतात : कधी संसाराला गांजलेली स्त्री, कधी गोपी, कधी महार, कधी जोशी. पुरुष कवीने स्त्रीच्या व बहिष्कृताच्या मुखाने बोलावे, ही या रचनांची मूळ शक्ती आहे. स्त्रीभूमिकेत आयुष्य घालविलेल्या गायक-नटासाठी एकनाथांकडे जाण्याची ही सर्वांत जवळची वाट होती. संताने घेतलेले सोंग आणि नटाने घेतलेले सोंग यांचा सांधा जुळला असता, तर बालगंधर्वांच्या पूर्वप्रतिमेला चित्रपटात कलात्मक स्थान मिळाले असते. त्याऐवजी चित्रपटाने एकनाथांची भूमिका संत आणि सनातनी यांच्या संघर्षात केंद्रित केली. सोंगाच्या कलेत निष्णात असलेल्या नटाला त्यामुळे सोंग नसलेली भूमिका वाट्यास आली.

गायन, अंतर आणि कॅमेरा

दुसरा अडसर तांत्रिक होता. ‘अमृतमंथन’मधील चंद्रमोहन यांच्या डोळ्यांच्या समीपदृश्याने शांतारामांनी कॅमेऱ्याची भेदकता सिद्ध केली होती. रंगमंचावरील बालगंधर्व मात्र अंतरावरून पाहण्यासाठी घडलेले होते. दिव्यांचा प्रकाश, रंगभूषा आणि प्रेक्षागृहाचे अंतर यांनी वयाची चिन्हे सौम्य होत. कॅमेरा ती जवळून टिपत होता.

गायनाच्या बाबतीतही हेच घडले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर भास्करबुवा बखल्यांचे शिष्य होते आणि गंधर्व मंडळीत नट व संगीतकार म्हणून वावरले होते. बालगंधर्वांची गायकी त्यांच्या पूर्ण परिचयाची होती. आडनावाने फुलंब्रीशी जोडलेला संगीतकार आणि पैठणचा चरित्रनायक असे मराठवाड्याचे दोन धागे या चित्रपटात एकत्र आले, हेही लक्षणीय आहे. तथापि चित्रपटगीताला दृश्याच्या लांबीची मर्यादा असते. पदाचा विस्तार, ऐनवेळी सुचलेली जागा, श्रोत्यांच्या दादेनंतर पुन्हा घेतलेली ओळ यांना तेथे वाव नव्हता. पडद्याला ‘वन्स मोअर’ मिळाला तरी गायकापर्यंत तो पोहोचत नाही. आवाज तोच राहिला. आवाजाला प्रतिसाद देणारे सभागृह मात्र निर्मितीच्या प्रक्रियेतून वगळले गेले.

‘संत तुकाराम’शी तुलना

प्रभातच्याच ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हेही गायक होते आणि त्यांनीही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. याचा अर्थ असा की, स्त्रीभूमिकांचा पूर्वेतिहास हा संतभूमिकेतील यशाच्या आड येतोच असे नाही. पागनिसांच्या पूर्वीच्या भूमिकांचे ओझे प्रेक्षकांच्या मनावर नव्हते. त्यांची प्रतिमा चित्रपटाने घडविली आणि ती इतकी दृढ झाली की लोक त्यांच्याकडेच तुकाराम म्हणून पाहू लागले. बालगंधर्वांच्या बाबतीत प्रतिमा आधीच पूर्ण झालेली होती. तिच्यात भर घालण्यास चित्रपटाकडे काही नव्हते.

पुढे बाबूराव पेंटर यांच्या ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) मध्ये बालगंधर्व पुन्हा स्त्रीभूमिकेत दिसले. तेथे पूर्वप्रतिमा राखली गेली. पण नाटकाच्या चित्रणापलीकडे चित्रपट गेला नाही. एका चित्रपटात माध्यम होते आणि प्रतिमा नव्हती, दुसऱ्यात प्रतिमा होती आणि माध्यम नव्हते. बालगंधर्व त्यानंतर रंगभूमीकडे परतले.

उत्तरकालीन पडसाद

रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटाने ही प्रतिमा पुन्हा पडद्यावर आणली. तेथे अभिनय सुबोध भावे यांचा आणि गायन आनंद भाटे यांचे आहे; भाटे यांना पार्श्वगायनासाठी, तर विक्रम गायकवाड यांना रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका देहात एकवटलेली कला येथे अनेकांत वाटली गेली आणि कॅमेऱ्यासमोर यशस्वी झाली.

‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये सचिन पिळगांवकर यांच्या खाँसाहेबांस राहुल देशपांडे यांचा आवाज होता. मात्र ‘ब्रेथलेस’ (१९९८) मुळे पॉप संगीताच्या श्रोत्यांत घरोघरी पोहोचलेले शंकर महादेवन यांनी पंडितजींची भूमिका स्वतः केली व स्वतः गायिली. पुढे ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका गायनासह पेलली. या दोन्ही उदाहरणांत कथानायक गायकच आहे; त्यामुळे कलावंताची पूर्वप्रतिमा भूमिकेच्या कामी येते. ‘धर्मात्मा’त नेमके हेच घडले नव्हते.

निष्कर्ष

१. बालगंधर्वांची प्रतिमा ही नट व सभागृह यांच्या परस्पर व्यवहारातून दर प्रयोगात निर्माण होत होती. चित्रपटाने आवाज व नाव घेतले, हा व्यवहार घेता आला नाही.

२. वय व पुरुषभूमिका ही कारणे गौण नसली तरी अपुरी आहेत. पागनिसांचे उदाहरण पाहता, पूर्वप्रतिमा किती दृढ आहे आणि नवी भूमिका तिला सामावून घेते की नाही, हा घटक निर्णायक ठरतो.

३. एकनाथांच्या भारुडांतील सोंगाची परंपरा हा नटाच्या प्रतिमेचा व संताच्या चरित्राचा दुवा होऊ शकला असता. तो हुकल्याने केवळ एका गायकाची चित्रपटीय कारकीर्द खुंटली असे नाही. अस्पृश्यांच्या पंगतीत बसणाऱ्या एकनाथांची पडद्यावरील कथाही ‘संत तुकाराम’च्या तुलनेत विस्मरणात गेली.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात एकनाथांचे स्मरण षष्ठीच्या यात्रेपासून शहरातील रंगमंदिराच्या नावापर्यंत सर्वत्र आढळते. या परिसरातील मराठी, नाट्यशास्त्र व संगीत या विषयांच्या अध्यापनात ‘धर्मात्मा’ला स्थान मिळाल्यास संतसाहित्य, अस्पृश्यतेचा प्रश्न आणि लोकप्रिय कलावंताची प्रतिमा या तिन्ही विषयांचा एकत्रित अभ्यास शक्य होईल. अयशस्वी ठरलेली कलाकृतीही आपल्या काळाविषयी पुष्कळ सांगू शकते, हे अशा अभ्यासातून सिद्ध होईल.